बाइकच्या मीटरमधला न्यूट्रलचा हिरवा लाइट कधी लागतो, कधी नाही, कधी गिअरमध्येही लागून राहतो: स्विच विकत घ्यायच्या आधी हे बघा

तीन पावसाळे या एका लाइटने माझं डोकं खाल्लंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी खाली वायर इंजिनला टेकवायची जी टेस्ट लिहिलीय तेवढीच शोधून करा, निम्मं काम तिथंच होतं.

गाडी २०१२ ची, १२५ सीसी, कार्बोरेटरवाली, काट्याचा मीटर, सेल्फ आणि किक दोन्ही. रोजचा रस्ता चिपळूण ते लोटे एमआयडीसी, म्हणजे मधे परशुराम घाट आलाच, आणि चौपदरीकरण चालू होतं त्या वर्षांत पावसात त्या घाटातून दुचाकी नेणं म्हणजे काय होतं ते तिकडच्यांना सांगायला नको, लाल चिखल घोट्यापर्यंत यायचा आणि गाडीच्या प्रत्येक भोकात जायचा. तर पहिल्या वर्षी जुलैमध्ये न्यूट्रलचा लाइट गेला. म्हणजे पूर्ण गेला असंही नाही, सकाळी लागायचा, घाट उतरल्यावर नाही, कंपनीत दिवसभर उभी राहिली की संध्याकाळी परत लागायचा. गॅरेजवाल्या मामांनी बघितलं न बघितलं आणि म्हणाले, "स्विच गेलाय, टाकून देतो, बसा पाच मिनिटं." टाकला. लाइट लागला. मी खूश. पुढच्या जुलैत पुन्हा तेच. या वेळी दुसरं गॅरेज, पुन्हा नवीन स्विच, पुन्हा लागला, पुन्हा खूश. मला एक सवय आहे, जुना पार्ट मागून घ्यायची, म्हणून ते दोन्ही जुने स्विच घरी डब्यात पडून होते, ते पुढे उपयोगी पडले.

आता हा लाइट चालतो कसा ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. गिअरबॉक्सच्या आत गिअर बदलणारा एक ड्रम असतो, तुम्ही पायाने लिव्हर दाबली की तो थोडा फिरतो. बऱ्याच गाड्यांत या ड्रमच्या टोकाला एक बारका कॉन्टॅक्ट बसवलेला असतो आणि त्याच्या मागे स्प्रिंग. ड्रम न्यूट्रलवर आला की हा कॉन्टॅक्ट बाहेरून बसवलेल्या स्विचच्या पिनेला टेकतो. त्या पिनेला एकच वायर असते, ती वर मीटरमधल्या हिरव्या बल्बला जाते. बल्बच्या दुसऱ्या बाजूला चावी ऑन केली की फ्यूजमधून प्लस आलेलाच असतो. म्हणजे घरातलं बटण जसं फेजवर असतं तसं इथं नाही, इथं बटण अर्थच्या, म्हणजे मायनसच्या बाजूला आहे, स्विच फक्त वायरला इंजिनशी जोडतो आणि इंजिन बॅटरीच्या मायनसला जोडलेलं असतंच. ही एक गोष्ट डोक्यात बसली की कळतं, वायर कुठेही तुटली तर लाइट लागणार नाही, आणि वायर कुठेही सोलून इंजिनला किंवा फ्रेमला टेकली तर लाइट कायम लागून राहील, गाडी चौथ्या गिअरमध्ये असली तरी.

हात काळे करायच्या आधी दोन मिनिटांची दोन कामं. एक, चावी ऑन करून हॉर्न, ब्रेक लाइट, इंडिकेटर बघा. बऱ्याच गाड्यांत हे सगळं एकाच फ्यूजवर असतं, सगळंच बंद असेल तर न्यूट्रल स्विचच्या नावाने बोंब मारण्यात अर्थ नाही, फ्यूज बघा. दोन, गाडी खरंच न्यूट्रलमध्ये आहे का ते ढकलून बघा. हे वाचून हसाल, पण निम्म्या लोकांची तक्रार लाइटची नसतेच, न्यूट्रल पडत नसतं. क्लच केबल ढिली झाली की क्लच पूर्ण सुटत नाही, चालू गाडीत पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे न्यूट्रल सापडता सापडत नाही, आणि लोक म्हणतात लाइट खराब. क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर प्ले (केबल ताणली जायच्या आधीची मोकळी हालचाल) असायला पाहिजे, त्याहून जास्त असेल तर आधी केबल ओढून घ्या. सिग्नलला थांबायच्या आधी, चाक हळू फिरत असतानाच न्यूट्रल पाडलं तर पटकन पडतं हे सगळ्यांना माहीतच आहे.

आता मुख्य टेस्ट. स्विच बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला, पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन ओढणारं दातेरी चाक) कव्हरखाली किंवा त्याच्या आसपास असतो. कव्हर काढायला ८ किंवा १० चा पाना लागतो, काही गाड्यांत आधी गिअर लिव्हर काढावी लागते, तेव्हा काढायच्या आधी शाफ्टवर आणि लिव्हरवर समोरासमोर व्हाइटनरने एक रेघ मारा, नाहीतर परत बसवताना एक दाता चुकतो आणि मग घोट्याला कळतं. कव्हर काढलं की चेनच्या ऑइलचा आणि चिखलाचा जो काळा लगदा निघेल तो स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढा, डिझेल किंवा रॉकेल लावून ब्रशने घासा, आणि कोरडं करा. मगच स्विचवरची वायर दिसेल. होंडाच्या घराण्यातल्या गाड्यांत ही वायर बहुतेकदा फिकट हिरवी आणि लाल रेघेची असते, बाकीच्यांत रंग वेगळा, तुमच्या गाडीची वायर स्विचपासून हाताने मागे जाऊन ओळखा. त्याच वाटेने मॅग्नेटच्या (इंजिनवर फिरून वीज तयार करतो तो) जाड वायरी जातात, त्यांना हात लावू नका.

वायर स्विचवरून काढा, चावी ऑन करा, आणि वायरचं टोक इंजिनच्या उघड्या, स्वच्छ धातूला टेकवा. रंगावर किंवा गंजावर नको. लाइट लागला का? लागला तर बल्ब, फ्यूज आणि वरची सगळी वायरिंग बरोबर आहे, दोष स्विचमध्ये किंवा त्या टोकाच्या जोडात. नाही लागला तर स्विच विकत घेऊ नका, तुमचा स्विच बहुतेक ठणठणीत आहे, दोष वायर, बल्ब किंवा कपलरमध्ये (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग). इतकंच. यात शॉर्ट वगैरे काही होत नाही कारण मधे बल्ब आहे, स्विचसुद्धा रोज हेच करतो. मला पहिल्या वर्षी हे कुणी सांगितलं असतं तर दोन स्विचचे पैसे आणि दोन रविवार वाचले असते.

एक इशारा मात्र, हे एका वायरच्या साध्या स्विचसाठी आहे. ज्या गाड्यांच्या मीटरमध्ये १, २, ३ असे गिअरचे आकडे दिसतात त्यांच्यात बऱ्याचदा बऱ्याच वायरींचा गिअर पोझिशन सेन्सर असतो, काहींत तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला जोडलेला असतो. तिथं अंदाजाने कुठलीही वायर इंजिनला टेकवत बसू नका, त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल नाहीतर माहितगार माणूस गाठा.

टेस्टमध्ये लाइट लागला असेल तर पुढे मल्टिमीटर लावा, कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप देणारी सेटिंग). एक काडी स्विचच्या पिनेला, दुसरी इंजिनला. न्यूट्रलमध्ये बीप यायला पाहिजे आणि कुठल्याही गिअरमध्ये बीप नको. मागचं चाक हाताने फिरवत फिरवत गिअर टाका, नाहीतर बंद गाडीत सगळे गिअर पडत नाहीत. न्यूट्रलमध्ये बीप नसेल तर स्विच खोलून बघा, पण बदलायच्या आधी साफ करून बघा. आतल्या कॉन्टॅक्टवर काळा थर येतो, पिन झिजते, स्प्रिंग बसते. बारीक पॉलिश पेपरने दोन हात मारायचे, कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. स्विच काढताना खाली स्वच्छ फडकं अंथरा, कारण काही गाड्यांत तो कॉन्टॅक्ट आणि स्प्रिंग ड्रमच्या टोकात नुसते ठेवलेले असतात आणि स्विच सुटला की स्प्रिंग टुणकन उडते, आणि ती स्प्रिंग पार्टच्या दुकानात सुटी मिळेलच असं नाही (माझी कुंडीत सापडली, नशीब). स्विचच्या मागे रबरी रिंग असते, ती कडक झाली असेल तर नवीनच टाका, नाहीतर तिथून ऑइल पाझरायला लागतं आणि मग त्या ऑइलवर धूळ आणि धुळीवर चिखल. काही गाड्यांत स्विच ऑइलच्या पातळीच्या खाली असतो, तेव्हा गाडी साइड स्टँडवर ठेवून तो काढलात तर ऑइल अंगणात. गाडी उजवीकडे कलवून भिंतीला टेकवा किंवा ऑइल बदलायच्या दिवशीच हे काम काढा. आणि स्विचचे स्क्रू बारके असतात, अ‍ॅल्युमिनियममध्ये बसतात, ताकद लावली की आटे गेलेच समजा.

टेस्टमध्ये लाइट नाही लागला तर वर सरका. काट्याच्या मीटरमध्ये बारका बिनपिनेचा बल्ब असतो, रबरी होल्डर मागून ओढला की बाहेर येतो, तार तुटली आहे का डोळ्याने दिसतं. बल्ब चांगला असेल तर होल्डरच्या पत्त्या बघा, गंजल्या असतील. मग हँडलजवळची वायरिंग. चावी ऑन, वायर इंजिनला टेकवलेली, आणि दुसऱ्या माणसाला हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवायला सांगा. लाइट लुकलुकला तर तार आतून तुटली आहे, वरचं प्लास्टिक अखंड दिसतं आणि आत तांबं तुटलेलं असतं, रोज शंभर वेळा वाकून वाकून. ती जागा हाताने चाचपडली की मऊ लागते. मग उरला कपलर, टाकीखाली किंवा डाव्या साइड पॅनलच्या मागे. काढून लावा, दोन-तीनदा, आत हिरवट दिसलं तर साफ करा.

आता माझ्या गाडीचं काय होतं ते.

तिसऱ्या वर्षी जुलैत लाइट पुन्हा गेला, मी म्हटलं जाऊ दे, लाइटवाचून काय अडलंय. ऑगस्टमध्ये तो आपोआप आला आणि मग जाईचना. पहिल्या गिअरमध्ये लागलेला, तिसऱ्यात लागलेला. मला गंमत वाटली, चला, निदान लागतो तरी. आणि एका रविवारी बाबांनी गाडी बाहेर काढायला घेतली. मी शनिवारी ती गिअरमध्येच टाकून लावली होती, उतार आहे आमच्या दाराशी. बाबांनी चावी लावली, हिरवा लाइट बघितला, क्लच न दाबता सेल्फ मारला. गाडीने जी उडी घेतली ती थेट तुळशी वृंदावनावर. बाबा वाचले, वृंदावनाचा कोपरा गेला, पुढचं मडगार्ड गेलं. मी ओरडत बाहेर आलो, "अहो बाबा, गिअर तरी बघायचा!" तर ते म्हणतात, "अरे, हिरवा लाइट होता की!" आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

हे का झालं ते लक्षात घ्या. सेल्फवाल्या बऱ्याच गाड्यांत न्यूट्रल असेल किंवा क्लच दाबलेला असेल तरच सेल्फ लागतो, आणि न्यूट्रल आहे की नाही हे गाडीला कळतं ते याच वायरवरून. वायर इंजिनला टेकली की गाडी समजते न्यूट्रल आहे, आणि गिअरमध्ये असतानाही सेल्फ मारू देते. म्हणून न लागणारा लाइट हा वैताग आहे, पण कायम लागलेला लाइट हा धोका आहे, त्या गाडीला पोराबाळांना आणि म्हाताऱ्यांना हात लावू देऊ नका, आणि दुरुस्त होईपर्यंत क्लच दाबूनच सेल्फ मारा. उलटंही होतं, ज्यांच्या गाडीला साइड स्टँडचा कटऑफ आहे त्यांची गाडी न्यूट्रल ओळखलं नाही तर स्टँड खाली असताना चालूच होत नाही, लोक प्लग आणि कार्बोरेटर खोलत बसतात आणि दोष असतो या एका वायरमध्ये.

त्या दिवशी दुपारी कव्हर खोललं. लाइट कायम लागून राहत असेल तर टेस्ट अशी: गाडी गिअरमध्ये, चावी ऑन, स्विचवरची वायर काढा आणि हवेत धरा. लाइट विझला तर स्विच आतून शॉर्ट आहे. नाही विझला तर वायर मधे कुठेतरी सोलून टेकतेय. माझा नाही विझला. मग वायर धरून वर वर गेलो आणि कव्हरच्या आतच, स्विचपासून चार बोटांवर, काळ्या इन्सुलेशन टेपचा एक गोळा सापडला. पहिल्या वर्षी नवीन स्विच टाकताना कपलर जुळत नसावा किंवा आळस असावा, मामांनी जुनी वायर कापून नवीन स्विचची वायर नुसती पिळून जोडली होती आणि टेप गुंडाळली होती. दुसऱ्या गॅरेजवाल्याने तोच जोड सोडून परत तसाच पिळला. गरम इंजिनशेजारी, चेनच्या ऑइलच्या मारात टेपचा चिकटपणा किती दिवस टिकणार? टेप घसरली होती, उघडी तार इंजिनच्या केसिंगला टेकली होती. आणि तांबं कळकलं होतं, अगदी हिरवंगार, पितळेच्या भांड्यात ताक ठेवल्यावर होतं तसं.

म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या जुलैत लाइट न लागायचं कारणही हाच जोड, आणि तिसऱ्या वर्षी ऑगस्टपासून लागून राहायचं कारणही हाच जोड (अगदी पहिल्या जुलैचं तेवढं सांगता येणार नाही, तेव्हा जोड नव्हता, तेव्हा बहुतेक नुसता चिखल आणि कळकलेली पिन). आणि मग नवीन स्विच टाकल्यावर लाइट लागायचा कसा? सोपं आहे, जोड सोडून परत पिळला की तांब्याला तांबं नव्याने घासलं जायचं आणि पुढचे दहा-अकरा महिने चालायचं. श्रेय स्विचला. डब्यातले ते दोन जुने स्विच काढले, मल्टिमीटर लावून पिन दाबून बघितलं, दुसरा तर पहिल्या फटक्यात बीप, पहिला पॉलिश पेपर मारल्यावर बीप. दोन्ही चांगले.

तुमच्याही गाडीत लाइट दुरुस्तीनंतर काही महिने चालून परत जात असेल तर जोडावर संशय घ्या. वरच्या कपलरच्या पिनेला मल्टिमीटरची काडी लावा, दुसरी इंजिनला, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि ओहमवर ठेवून खालची वायर हलवा. आकडा शून्याजवळ स्थिर पाहिजे. माझ्याकडे तो एकापासून तीनशेपर्यंत उड्या मारत होता, मधेच ओपन, म्हणजे जोड तुटलेलाच.

जोड कसा करायचा ते सांगतो, यात काही रॉकेट सायन्स नाही. कळकलेला भाग पूर्ण कापून टाका, चमकदार तांबं लागेपर्यंत मागे जा, तार कमी पडली तर त्याच जाडीचा तुकडा मधे घाला. आधी हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) वायरमध्ये ओवून ठेवा, हे मी दोनदा विसरलोय आणि दोनदा सोल्डर परत काढलंय. तार पिळा, सोल्डर करा, स्लीव्ह वर सरकवून लायटरने फिरवून फिरवून तापवा, आतून गोंद असलेली स्लीव्ह मिळाली तर उत्तम, ती पाणी आत जाऊ देत नाही. आणि शक्य असेल तर जोड स्प्रॉकेट कव्हरच्या आत ठेवूच नका, लांब तार घेऊन वर साइड पॅनलच्या मागे न्या. वायर चेनपासून लांब, क्लिपमध्ये किंवा झिप टायने बांधून. स्विचच्या पिनेवर थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी अडवणारं, करंट न वाहणारं). माझा खर्च पन्नास रुपयांच्या आत, वृंदावनाचा वेगळा.

दोन बारक्या गोष्टी राहिल्या. गिअरमध्ये असताना फक्त क्लच दाबला की हिरवा लाइट लागतो अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांच्या गाडीत स्विच नाही तर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) गेलाय. न्यूट्रलची आणि क्लचची वायर सेल्फच्या रिलेकडे (सेल्फला करंट सोडणारा स्विच) एकत्र जाते, त्या दोन्ही एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मधे एक डायोड असतो, तो शॉर्ट झाला की क्लच स्विचकडून येणारा मायनस मागच्या दाराने बल्बला मिळतो. तोच डायोड ओपन झाला तर लाइट बरोबर लागतो पण सेल्फ फक्त क्लच दाबल्यावर लागतो. फ्यूज बॉक्सजवळ किंवा वायरिंगमध्ये टेपखाली असतो.

आणि ज्यांनी हौसेने मीटरमध्ये एलईडी टाकलेत त्यांच्यासाठी: लाइट नाहीच लागला तर आधी एलईडी उलटा करून बसवा, त्याला प्लस-मायनसची बाजू असते, साध्या बल्बला नसते. आणि गिअरमध्ये तो मंद, भुतासारखा लागून राहत असेल तर स्विचवरचा ओला चिखल साफ करा. चिखलातून झिरपणाऱ्या एवढ्याशा करंटवर साधा बल्ब लागणार नाही पण एलईडी लागतो.

डब्यातला एक स्विच शेजाऱ्यांच्या त्याच मॉडेलच्या गाडीला लागला, त्यांचा खरंच गेला होता, पिन आत बसली होती. दुसरा अजून आहे.